सोबत यादी जोडली आहे

वॉर्सा, २१ ऑक्टोबर १९९६

प्रिय पोलाताई,

काल संध्याकाळी बसने घरी पोचलो. शरीराने पोचलो, मन तुझ्या कोठारातच राहिलंय, डाव्या भिंतीलगत, पांढऱ्या सुती चादरीखाली.

निघताना तू विचारलंस की बावन्न वर्षांच्या दातांच्या डॉक्टरला दोनच माणसं मावतील अशी लाल, उघड्या टपाची गाडी कशाला लागते. तेव्हा माझ्या तोंडात तुझा सफरचंदाचा केक होता आणि बसवाला भोंगा वाजवत होता, म्हणून आता सांगतो. जूनमध्ये किंगाचं लग्न आहे. तिच्या आईने मला सोडून कोर्नेलशी संसार मांडला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचा फर्निचरचा कारखाना आहे, घरात बसण्या-झोपण्याची ददात नसणार. पण या कोर्नेलकडे एक लांबलचक काळी गाडी आहे. तसल्या गाडीतून चर्चला जाणारी माणसं बहुधा आडवी असतात. आणि नवरीला तिच्यातूनच नेणार, असं त्याने चारचौघांत जाहीर करून टाकलंय.

ऑगस्टमध्ये मी ही लाल जर्मन गाडी घेतली, किंगाला नदीकाठाने एक चक्कर मारून आणली, तेव्हा ती केस आवरत म्हणाली होती, "बाबा, लग्नाला मला हिच्यातूनच ने." ताई, घर रेनाताने ठेवलं, फोटो तिने ठेवले, कुत्राही तिच्याचकडे गेला. मुलीला चर्चच्या दारापर्यंत नेणं, एवढंच माझ्या वाट्याला उरलंय, आणि ते तुझ्या कोठारात उभं आहे.

इथे सोय नाही. आमच्या इमारतींच्या आवारात नोव्हेंबरपासून बर्फावर मीठ ओततात, आणि मिठातून जे वाचतं ते चोर नेतात. तेव्हा तुला आणि दाजींना हात जोडून विनंती, की सूचना नीट पाळाव्यात. बॅटरी काढून घरात ठेवावी, धुराड्याच्या नळीत चिंधी कोंबावी म्हणजे उंदीर शिरत नाहीत, चादर रोज झटकावी, वगैरे. सोबत यादी जोडली आहे. चौदाच मुद्दे आहेत.

तुझा,
झेनॉन

ता.क. चाकांतली हवा दर आठवड्याला बघावी.


ओल्शांका, ४ नोव्हेंबर

चि. झेनेक,

यादी मिळाली. तुझ्या दाजींनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली. तिथे संत अंथोनीचं चित्र होतं, ते आता खणात गेलंय. मागच्या खेपेला आमची गाय व्याली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरने दोनच सूचना दिल्या होत्या, आणि त्यातली दुसरी 'मला पुन्हा बोलावू नका' अशी होती.

परवा कबरींवर दिवे लावायचा सण झाला. आपल्या आईबाबांच्या थडग्यावर शेवंती ठेवली, पणत्या लावल्या. जो तो विचारत होता, झेनेक नाही का आला. मी सांगितलं, बारा दिवसांपूर्वी आला होता की, गाडी ठेवायला.

एक सांगते, फोन करत जाऊ नकोस. गावात फोन एकच, तो सरपंचाकडे, आणि त्याची बायको शेजारी कणीक मळत उभी असते. तू मागच्या मंगळवारी चाकांतल्या हवेचा आकडा सांगितलास तो रविवारी प्रार्थनेनंतर मला तिघांनी पाठ म्हणून दाखवला. पत्र लिही.

गाडी मजेत आहे. थंडी वाढली म्हणून तुझ्या दाजींनी ती गोठ्याच्या बाजूला सरकवली. दोन गाई आणि एक डुक्कर, त्यांच्या अंगाची ऊब असते, तिथे बादलीतलं पाणीही गोठत नाही. तुला माहीतच आहे, सरकारी ट्रॅक्टर केंद्र बंद पडल्यापासून पाच वर्षं हा माणूस खिडकीत बसून रस्त्यावरची वाहनं मोजतोय. दिवसाला अकरा, बाजाराच्या दिवशी सतरा. एकतीस वर्षं ज्याने ट्रॅक्टर उघडले-जोडले त्याला मोजण्यापुरतीच वाहनं उरली. आता निदान उठून कोठारात तरी जातो. काही करत नाही, नुसता बघून येतो.

तुझी,
पोलाताई


वॉर्सा, १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र दवाखान्यात वाचलं. खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसल्या होत्या, त्या माझा चेहरा बघून घाबरल्या आणि दात न दाखवताच गेल्या.

गोठा? गाईंच्या मुतातून जो उग्र वायू सुटतो तो रंग खातो, रबर खातो, टपाच्या कापडाची शिवण खातो. यादीतला नववा मुद्दा वाच: कोरडी, थंड, हवेशीर जागा. थंडीने गाडीला काही होत नाही, ताई. ओलीने होतं. थंडी बाधते ती माणसांना. ती गाडी डुक्कर नाही, तिला ऊब नको आहे. आजच्या आज हलवा.

आणि दाजी 'नुसते बघून येतात' म्हणजे हातात काय घेऊन? मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. ते तुझ्या शिलाई मशीनकडे एकदा नुसते बघायला गेले होते, तेव्हापासून ती उलटे टाके घालते. दाजींना माझा नमस्कार सांग आणि चौथा मुद्दा मोठ्याने वाचून दाखव: इंजिन उगाच चालू करू नये.

तुझा,
झेनॉन

ता.क. चाकांतल्या हवेबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस.


ओल्शांका, ५ डिसेंबर

चि. झेनेक,

गाडी पूर्वीच्या जागी नेली. ढकलायला पाच जण लागले. त्यांच्यासाठी डुकराचं मटण आणि आंबट कोबी शिजवावा लागला, तो तुझ्या यादीत नव्हता. चौथा मुद्दा वाचून दाखवला. तुझे दाजी म्हणाले, बरोबर आहे, उगाच कोण चालू करेल.

बॅटरी स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बाकाखाली आहे, जुन्या दुलईत गुंडाळून. पाहुणे विचारतात, बाळ कुणाचं. धुराड्यात चिंधी कोंबली आहे. मांजरीला कोठारात झोपायला लावलंय, ती माझ्याशी बोलत नाही. थंडी उणे एकोणीस. कोंबडा रविवारपासून आरवला नाही, का ते कळत नाही. बाकी ठीक.

नाताळच्या आदल्या रात्री ये. एक ताट नेहमीप्रमाणे जास्तीचं मांडतेच मी, अनाहूत पाहुण्यासाठी. तू आलास तर ते वाया जाणार नाही.

तुझी,
पोलाताई


वॉर्सा, १४ डिसेंबर

प्रिय ताई,

येणं जमत नाही. सणाच्या आधी सगळ्या वॉर्साला दात आठवतात. किंगा आईकडे, म्हणजे कोर्नेलच्या त्या ओकच्या टेबलाशी बसणार. मी माझ्या दोन खोल्यांत हेरिंग मासा खाईन आणि रेडिओ ऐकेन. ठीक आहे.

बॅटरी चुलीजवळ? पंधरावा मुद्दा असता तर लिहिलं असतं: चुलीजवळ नव्हे. मी 'घरात' लिहिलं ते थंड, कोरड्या खोलीच्या अर्थाने, बाळंतिणीच्या अर्थाने नव्हे. तुम्हा लोकांचं मला कळत नाही. ज्याला थंडी हवी त्याला ऊब देता.

कोंबड्याशी मला घेणंदेणं नाही.

झेनॉन

ता.क. हवा?


ओल्शांका, २८ डिसेंबर

चि. झेनेक,

बरं झालं तू आला नाहीस, तुझं ताट भरलं. पहिला तारा दिसला, पाव मोडून आम्ही दोघं एकमेकांना शुभेच्छा देत होतो, एवढ्यात दारावर थाप. किंगा. सुवाल्कीहून शेवटच्या बसने आली, मग दोन किलोमीटर बर्फातून चालत. जास्तीच्या ताटावर बसली. हेरिंगकडे बघून तोंड फिरवलं, मासा नको म्हणाली, आणि काकडीच्या लोणच्याची अख्खी बरणी संपवली. तुझ्या दाजींनी तिला गाडी दाखवली, ती आत बसून बराच वेळ रडली. मग हसली. मी काही विचारलं नाही. जे सांगायचं ते तिने आपणहून सांगितलं.

ती तुला लिहिणार आहे. जून रद्द. लग्न ईस्टरच्या सोमवारी, एकतीस मार्चला, आणि इथे, आमच्या चर्चमध्ये. उपासाच्या चाळीस दिवसांत पाद्रीबाबा लग्न लावत नाहीत, आणि त्या आधीच्या तारखा भरल्यात, म्हणून उपास सुटला की दुसऱ्याच दिवशी. पोशाख मीच शिवणार. माप घेतलंय. शिवणीत चार बोटं कापड जास्तीचं सोडतेय. तीन महिन्यांत माणूस बदलतो.

तू तिला पत्र लिही, झेनेक. गाडीचं सोडून दुसरं काहीतरी लिही.

तुझी,
पोलाताई


वॉर्सा, १५ जानेवारी १९९७

प्रिय ताई,

किंगाचं पत्र आलं. दोन ओळी: तारीख आणि गाव. मला वाटतं मी समजलो. तिमोनला, म्हणजे नवऱ्या मुलाला, एप्रिलपासून जहाजावर नोकरी लागतेय, त्याआधी उरकून घ्यायचं. जबाबदार मुलगा आहे. माझी त्याला ना नाही.

सुरुवातीला डोकं फिरलं. कुठलीही शहाणी माणसं अशी गाडी मे महिन्यापर्यंत बाहेर काढत नाहीत, पावसाने रस्त्यांवरचं मीठ धुऊन निघाल्याशिवाय. मग लक्षात आलं की गाडी तिथेच, चर्चही तिथेच. तुझ्या फाटकापासून दोन किलोमीटर. दोन किलोमीटर ती सोसेल. लगेच धुऊन टाकू. कोर्नेल आपली काळी गाडी घेऊन येतोच आहे, 'वेळ पडली तर असावी' म्हणून. वेळ पडणार नाही.

किंगाला मी लिहिलं. टप लावलेला असेल तेव्हा बुरखा कसा धरायचा, आत शिरताना आधी कंबर, मग पाय, असं सगळं सविस्तर. उत्तर नाही. लग्नाच्या गडबडीत असेल.

आता एक सरळ प्रश्न, सरळ उत्तर दे. ऑक्टोबरपासून ते इंजिन कुणी चालू केलंय का?

झेनॉन

ता.क. हवेचा आकडाही कळव.


ओल्शांका, ३ फेब्रुवारी

चि. झेनेक,

काल मेणबत्त्यांचा सण. मेणबत्तीवर आशीर्वाद घेऊन आले आहे, घरात खोटं बोलणं बरं नाही.

दर रविवारी. डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासून. प्रार्थना झाली की तुझे दाजी दुलईतली बॅटरी लाकडी घसरगाडीवर ठेवतात, दोरीने बांधतात आणि कोठारात ओढत नेतात. दहा मिनिटं इंजिन चालवतात, बंद करतात, बॅटरी परत आणतात. पहिल्या रविवारी धुराड्यातली चिंधी काढायची राहिली. ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटली, त्यानंतर कोंबड्याचा आवाज गेला तो नाताळपर्यंत. आता अर्धा गाव जमतो. पुरुष टोप्या काढून उभे राहतात. ट्रॅक्टर केंद्र बंद झाल्यापासून त्यांना एकत्र उभं राहायला जागा नव्हती. पाद्रीबाबा प्रवचन आटोपतं घेऊ लागलेत, कारण माणसं घड्याळ बघतात.

मी चौथा मुद्दा दाखवला होता. ते म्हणाले, "उगाच नाही करत मी. एकतीस हिवाळे मी ट्रॅक्टर असेच जगवले. महिनाभर पडून राहिलं की यंत्राची जगण्याची इच्छा जाते."

त्यांना यंत्राबद्दलच बोलायचं होतं की नाही, मी विचारलं नाही. पण पाच वर्षांत पहिल्यांदा हा माणूस रविवारी दाढी करतो.

आणखी एक. लग्नाचा सोमवार म्हणजे पाणी ओतायचा सोमवार, विसरू नकोस. आमचं अग्निशामक दल बादल्यांवर भागवत नाही, पंप आणतं. गेल्या वर्षी बिशपसाहेबांचा सचिव भिजला. टप घट्ट लावून ठेव.

पोशाखाच्या शिवणी एकदा उसवून झाल्या. चार बोटं पुरत नाहीत.

पोलाताई


वॉर्सा, १० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी खाली उतरलो आणि इमारतीला तीन फेऱ्या मारल्या, चपलेत, बर्फात.

यंत्र जगायची इच्छा धरत नाही. यंत्राला इच्छा नसते. थंडीत दहा मिनिटं इंजिन चालवलं की ते तापत नाही, नुसतं घामेजतं. तो घाम तेलात उतरतो, धुराड्यात साचतो, आणि आतून गंज धरतो. हे जर्मनीतला शाळकरी पोरगाही जाणतो. दहा रविवार. दहा. वर्षभर हिला कुणी हात लावला नसता तर ती उत्तम राहिली असती. तुम्ही प्रेम करून तिला मारायला निघालात.

आणि ते ट्रॅक्टर. ताई, त्या केंद्रातले ट्रॅक्टर दाजींनी जगवले म्हणतेस, मग ते केंद्र मेलं कसं? ज्यांनी सगळा देश हातोड्याने दुरुस्त केला त्यांच्या हाती मी माझी एकुलती एक गोष्ट दिली, ही चूक माझी. दाजींनी आता कोठारात पाऊल टाकू नये. किल्ली तुझ्याकडे ठेव. मी इथून जाणकार मेकॅनिक पाठवतो. पोशाखाचं काय म्हणालीस? तिला सांग लग्नापर्यंत केक कमी खा, गाडी अरुंद आहे.

झेनॉन

ता.क. हवेला तरी हात लावू नका.


ओल्शांका, २ मार्च

झेनॉन,

तुझं पत्र मी चुलीत टाकायला हवं होतं. मी दुसऱ्या खोलीत पोशाखाची बाही बसवत होते, तेवढ्यात त्यांनी ते टेबलावरून उचललं आणि वाचलं. दोनदा, यादी वाचली होती तसंच, चष्मा पुसून. किल्ली यादीशेजारच्या खिळ्याला लावली. तेव्हापासून खिडकीत आहेत. काल एकोणीस वाहनं गेली. दाढी नाही.

पहिल्या दोन रविवारी माणसं कोठारापर्यंत आली, दार बंद बघून टोप्या घालून गेली. तिसऱ्या रविवारी कुणी आलं नाही.

तुझा जाणकार गुरुवारी येऊन गेला. पांढरे हातमोजे होते. झाकण उघडलं तर आत उंदरांचं घर, गवत, चिंध्या, चार पिल्लं. वायरी कुरतडल्यात. तो म्हणाला, हे ताजं आहे, दोन-तीन आठवड्यांतलं. दर रविवारी आवाज आणि गर्दी व्हायची तेव्हा उंदीर फिरकत नव्हते. शांतता मिळाली, आले. मांजर केव्हाच घरात परतली होती, तिलाही तिथे कुणी विचारेना. जाणकाराने तीन तास वायरी हुंगल्या, म्हणाला सामान जर्मनीहून मागवावं लागेल, सहा आठवडे, आणि माझं सूप पिऊन गेला.

गाडी चालू होत नाही. एकोणतीस दिवस आहेत.

पोला


वॉर्सा, ८ मार्च

आदरणीय दाजी,

हे पत्र लिहायला मी चौथ्यांदा बसलो आहे. पहिल्या तिन्हींत मी बरोबर होतो, म्हणून फाडली.

घामाचं आणि गंजाचं मी लिहिलं ते शास्त्राप्रमाणे खरं आहे, ते मागे घेता येणार नाही. ट्रॅक्टरांबद्दल आणि हातोड्याबद्दल लिहिलं ते मात्र मागे घेतो. ते मी तुमच्यावर रागावून लिहिलं नव्हतं. मी इथे दोन खोल्यांत बसून यादी लिहितो आणि तिकडे अर्धा गाव माझ्या गाडीभोवती टोप्या काढून उभा राहतो, हे मला सहन झालं नाही.

मला ती गाडी चालू हवी आहे. एका दिवसासाठी, दोन किलोमीटर. नाहीतर कोर्नेल किंगाला नेईल आणि मी बसने आलेल्या पाहुण्यांत उभा असेन. तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार नाही. कसंही करा. यादीकडे बघू नका.

आपला,
झेनॉन

ता.क. हवेचं जमलं तर.


ओल्शांका, १६ मार्च

डॉक्टर,

पत्र मिळालं. मला लांबलचक लिहिता येत नाही.

उंदीर बाहेर. पिल्लं पोलाने डब्यात घालून गवतात सोडली. वायरी बदलल्या. दूध काढायच्या जुन्या यंत्राच्या घेतल्या, त्या जाड असतात, तुमच्या जर्मन वायरींपेक्षा बऱ्या. तेल बदललं. त्यात पाणी होतं, तुमचं बरोबर. धुराड्यात गंज नाही, त्याबाबतीत माझं बरोबर. शुक्रवारी पहिल्या झटक्यात चालू झाली.

आता अडचण. किंगा काल पोशाख घालून बघायला आली होती, म्हणून मी चाचणी घेतली. गाडीची बैठक जमिनीपासून अठ्ठावीस सेंटिमीटर. बसताना ती बसली. उठताना उठेना. मी एक हात धरला, पोस्टमनने दुसरा, पोला मागून. नवरी, त्यात सातवा महिना, वरून घेरदार पोशाख. दोनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा ती इतकी हसली की धोका वाटला, म्हणून थांबवलं. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर शक्य नाही. बैठक उंचावली तर डोकं टपाला लागतं.

कोर्नेलच्या गाडीची बैठक बावन्न आहे. फोनवर विचारून घेतलं.

तुम्ही डॉक्टर, हे आधीच तुमच्या लक्षात आलं असेल. तरी कळवलं.

विटोल्ड

हवा बघितली. बरोबर आहे.


वॉर्सा, २० मार्च

ताई,

दाजींचं पत्र मिळालं.

सातवा महिना.

लोणच्याची बरणी, चार बोटं कापड, घाईचं लग्न. सगळं तू लिहिलं होतंस, आणि मी ते सगळं वाचलं होतं. मी तिला केक कमी खायला सांगितलं. आधी कंबर, मग पाय, हेही मीच लिहिलं.

रेनाताला माहीत, कोर्नेलला माहीत, पोस्टमनला माहीत. तू मला सांगितलं का नाहीस, हे विचारत नाही. शनिवारी बसने येतो. मला कुठे उभं करायचं ते तुम्ही ठरवा.

झेनॉन


ओल्शांका, ३ एप्रिल

चि. झेनेक,

मंगळवारी तू न जेवता निघालास, म्हणून डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि केक बसवाल्याकडे दिलाय, उतरवून घे.

तू पुढे त्या काळ्या गाडीत होतास, तेव्हा मागे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार. ऐक. किंगाने फाटकात सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा माझ्याशेजारी बसेल," आणि तुला हाताला धरून मागच्या सीटवर ओढलं, तिथपर्यंत तू होतास. गाडी चालवायला रेनाता, तिच्याशेजारी तिमोन, मागे तू, किंगा आणि माझा सात मीटरचा पोशाख. आता कोर्नेल कुठे बसणार? त्याचीच गाडी, आणि तो रस्त्यावर. बिचारा हसून म्हणाला, मी चालत येतो. तुझे दाजी म्हणाले, "या, लाल गाडीत जागा आहे."

कोर्नेल सहा फूट दोन इंच. टप लावला तर मान वाकडी. म्हणून टप काढला.

अग्निशामक दलाने चौकात दोर बांधून वाट अडवली होती. नवरीची गाडी बघून त्यांनी नेहमीप्रमाणे वोडकाची बाटली घेतली आणि दोर खाली केला. मग मागून उघडी लाल गाडी आली. झेनेक, हा नवा, मोठा पंप त्यांनी नोव्हेंबरमध्ये घेतला, आणि नोव्हेंबरपासून ते अशाच कशाची तरी वाट बघत होते. कोर्नेल हात वर करून काहीतरी बोलत होता, ते कुणाला ऐकू आलं नाही. तुझे दाजी सरळ समोर बघत गाडी चालवत राहिले. चर्चला पोचले तेव्हा गाडीत घोट्यापर्यंत पाणी होतं. कोर्नेल तुझ्या दाजींचा रविवारचा कोट घालून लग्नाला उभा राहिला, बाह्या कोपरापर्यंत, आणि एक शब्द तक्रारीचा बोलला नाही. मला वाईट वाटतं, पण माणूस बरा आहे.

बैठकी चुलीशी वाळत ठेवल्यात. यादीतला अकरावा मुद्दा काय म्हणतो मला माहीत आहे.

त्या दोन किलोमीटरांत काय झालं? तू उतरलास तेव्हा तुझ्या हातात तिचे बूट होते.

पोलाताई


वॉर्सा, ९ एप्रिल

प्रिय ताई,

सॉसेज मिळाले. केक बसमध्ये कुणीतरी चाखलाय.

काय झालं ते सांगतो. तिचे पाय सुजले होते, तिने बूट काढून माझ्या मांडीवर ठेवले. त्या गाडीत जागा भरपूर आहे, हे मान्य करावं लागतं. बैठक मऊ आहे. रस्त्यातले खड्डे कळत नाहीत. मी पाच महिने या गाडीचा द्वेष केला आणि बसल्यावर पाचव्या मिनिटाला माझी पाठ दुखायची थांबली, हे तुझ्याखेरीज कुणाला सांगू नकोस.

चौकात मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती खिडकीबाहेर बघत होती.

"तू मलाही यादी पाठवली असतीस, बाबा."

समोर रेनाताचे खांदे हलायला लागले. रडत होती की हसत, आरशात दिसलं नाही. तिमोन रस्त्याकडे बघत होता, जबाबदार मुलगा आहे. माझ्या मनात एक यादी तयारच होती, दूध, लोह, चालणं, पाय उंच ठेवून झोपणं. ती मी गिळली. चर्च आलं, मी तिला बूट घातले, एकेक बंद बांधला, आणि ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. कुणाच्याही मदतीशिवाय. बैठक बावन्न.

गाडी न्यायला मी मे महिन्यात येणार नाही. उन्हाळाभर तिथेच राहू दे. दाजींनी बाजाराला न्यावी, पाद्रीबाबांना फिरवून आणावं, खिडकीतून कुणीतरी त्यांनाही मोजावं. बैठकी वाळल्या नाहीत तरी चालेल. पुढच्या हिवाळ्यात दर रविवारी प्रार्थनेनंतर चालू करावी, दहा मिनिटांऐवजी अर्धा तास, म्हणजे इंजिन नीट तापेल आणि माणसांनाही बोलायला वेळ मिळेल. मी जमेल त्या रविवारी येईन. टोपी घेऊन येईन.

जूनमध्ये बाळ झालं की कळव. त्याआधीही कळव. किंगाचे पाय कसे आहेत ते कळव.

सोबत यादी जोडलेली नाही.

तुझा,
झेनेक

ता.क. चाकांतली हवा तेवढी दाजींना बघायला सांग.